दिवाळीच्या भेटीसाठी हाताने शिवलेली गोधडी: नमुना आणि टाका कसा निवडावा

दिवाळीला जवळच्या माणसाला हाताने शिवलेली गोधडी द्यावी असे मनात आले की नव्याने सुई हाती घेणारे बहुतेक जण आधी मोबाइलवर नमुने पाहू लागतात. त्यातला सर्वांत मोहक नमुना निवडतात, त्यासाठी कापड आणतात आणि वसुबारस उजाडते तेव्हा अर्धे तुकडे जोडलेले, अर्धे पिशवीत अशी स्थिती असते. माझ्या मते हा क्रमच उलटा आहे. भेट कोणाला द्यायची हे आधी ठरवावे, त्यावरून वस्तू ठरवावी, मग हाताशी असलेले कापड आणि उरलेले दिवस पाहावेत, आणि नमुना सर्वांत शेवटी निवडावा. आपल्याकडच्या गोधडीत तर खरा नमुना तुकड्यांच्या आकारात नसून धावदोऱ्याच्या, म्हणजे सरळ पुढे जाणाऱ्या साध्या टाक्याच्या, ओळींत असतो, त्यामुळे तुकड्यांचे काम साधे ठेवले तरी भेट उणी ठरत नाही.

माणूस आणि वस्तू

दिवाळसणाला येणाऱ्या नवविवाहित जोडप्याला मोठी गोधडी शोभून दिसते, मात्र पहिलीच वेळ असेल तर दोघांना पुरेल एवढे पांघरूण हाती घेऊ नये. ३६ इंची चौरस दुपटे, चार फूट बाय सहा फुटांची एकेरी गोधडी, १६ इंचांचे उशीचे अभ्रे किंवा जेवणाच्या टेबलावर अंथरायची १४ बाय ४८ इंचांची पट्टी, या चारांपैकी एक वस्तू निवडावी. वृद्ध माणसासाठी गोधडी हलकी असावी, कारण भिजलेली जाड गोधडी उचलून पिळणे त्यांना किंवा त्यांच्या घरच्यांना जड जाते. परदेशी राहणाऱ्या मुलांना पाठवायची असेल तर वजनानुसार टपालखर्च वाढतो, म्हणून तिथे अभ्रे किंवा टेबलाची पट्टी अधिक सोयीची पडते.

ज्या बाळाची ही पहिली दिवाळी आहे त्याच्यासाठी दुपट्याइतकी योग्य भेट नाही. त्यावर टिकल्या, आरसे, बटणे, लोकरीचे गोंडे किंवा जरीचे धागे असे काहीही लावू नये, कारण सुटलेली वस्तू बाळाच्या तोंडात जाते आणि जरीचे धागे टोचतात. एक वर्षापर्यंतच्या बाळाच्या झोपण्याच्या जागी सैल पांघरूण ठेवू नये, असे बालरोगतज्ज्ञ सांगतात. त्यामुळे हे दुपटे जमिनीवर अंथरून बाळाला खेळवण्यासाठी आहे, असे देताना आईला आवर्जून सांगावे.

जुने कापड भेटीत चालेल का, हा प्रश्न बऱ्याच जणांना अवघड वाटतो. आजीच्या धुऊन धुऊन मऊ झालेल्या लुगड्याचे दुपटे बाळाला घालणे ही आपल्याकडची जुनी रीत आहे आणि ते कापड घरातलेच असल्याने त्यात कोणाला वावगे वाटत नाही. मात्र सणाला नवेच कापड द्यावे असे मानणारी घरेही आहेत, आणि शुभप्रसंगी काळा रंग टाळणारीही आहेत. ज्यांना भेट द्यायची त्यांच्या घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाला सहज विचारून घ्यावे. मध्यम मार्ग हवा असेल तर वरचा थर नव्या सुती कापडाचा आणि आतले थर जुन्या साड्यांचे, अशी रचना उत्तम ठरते.

कापडाची पारख

हाती आलेले प्रत्येक कापड आधी धुवावे. नव्या सुती कापडात खळ असते आणि ते पहिल्या धुण्यात आटते. न धुता वापरले तर गोधडी पूर्ण झाल्यावर एक तुकडा आटतो, शेजारचा आटत नाही आणि सगळीकडे नको तिथे चुण्या पडतात. खळ राहिलेल्या कापडाला कपाटात कसर लवकर लागते, हेही एक कारण आहे.

रंग पक्का आहे का, हे पाहण्यासाठी पांढरे फडके ओले करून कापडावर जोराने घासावे. फडक्यावर डाग उतरला तर ते कापड वेगळे दोन-तीनदा धुवावे, आणि तरीही रंग जात असेल तर मोह सोडून बाजूला ठेवावे. माझ्या पहिल्या दुपट्यात मी पांढऱ्या मलमलीशेजारी लाल काठ ही परीक्षा न करता जोडला होता. पहिल्याच धुण्यात पांढरे चौकोन गुलाबी झाले, आणि त्या डागांवर कोणताही उपाय चालला नाही. तेव्हापासून लाल, गडद निळा आणि काळा या रंगांची परीक्षा मी कधीही चुकवत नाही.

कापड खरोखर सुती आहे का अशी शंका असेल तर त्याचे चार-पाच धागे काढून, चिमट्यात धरून, पाण्याच्या भांड्यावर जाळून पाहावेत. सुती धागा कागदासारखा जळतो आणि त्याची मऊ राख होते, तर पॉलिस्टरचा धागा वितळून त्याचा टणक मणी बनतो. सुती आणि कृत्रिम कापड एकाच गोधडीत मिसळू नये, कारण दोन्हींचे आटणे, ताणले जाणे आणि इस्त्री सोसणे वेगवेगळे असते. पैठणी किंवा इतर रेशमी साडीचे तुकडे वापरायचे झाल्यास ते अभ्र्यासाठी ठेवावेत, जे रोज धुवावे लागत नाहीत.

जुने कापड उजेडासमोर धरून पाहावे आणि दोन्ही अंगठ्यांनी हलके ताणावे. सहज फाटले तर ते वरच्या थराच्या कामाचे नाही, मात्र आतल्या थरात ते सुखाने बसते. आतल्या थरासाठी सहावारी साडीचे माप जणू मुद्दाम जुळवून आणल्यासारखे आहे. साडेपाच मीटर म्हणजे सुमारे १८ फूट लांबीची साडी तीन पदरी दुमडली की सहा फूट लांब आणि पावणेचार ते चार फूट रुंद असा तीन थरांचा गाभा आयता तयार होतो. त्याला खाली अस्तर आणि वर शोभेचे कापड लावले की पाच थर होतात. मुंबई-कोकणातल्या हवेला एवढे पुष्कळ होते, आणि नाशिक किंवा साताऱ्याकडच्या थंडीसाठी आणखी एक साडी घालता येते. पण थर जितके जास्त, तितकी सुई जड चालते, आणि सातव्या-आठव्या थरानंतर नवख्या माणसाची बोटे दुखू लागतात.

दिवसांचा हिशेब

गणेशचतुर्थीपासून लक्ष्मीपूजनापर्यंत साधारण आठ आठवडे मिळतात आणि दसऱ्यापासून मोजले तर सुमारे २० दिवस. फराळाचे आणि साफसफाईचे शेवटचे चार-पाच दिवस मी हिशेबात धरत नाही, आणि कोणीही धरू नयेत.

धावदोऱ्याला किती वेळ लागेल हे आधीच काढता येते. गोधडीची लांबी आणि रुंदी इंचांत घेऊन गुणाकार करावा आणि दोन ओळींत जेवढे अंतर ठेवायचे असेल त्याने भागावे. जो आकडा येईल तितके इंच दोरा चालवावा लागतो. ३६ इंची चौरस दुपट्यात एक इंच अंतराने ओळी घातल्या तर १,२९६ इंच, म्हणजे जवळजवळ ३३ मीटर शिवण होते. सुईत दोरा ओवणे आणि थांबणे-पाहणे धरून नवशिक्याचा हात मिनिटाला दोन इंच चालतो असे मानले, तर यात सुमारे ११ तास जातात. चार फूट बाय सहा फुटांच्या गोधडीत हाच हिशेब ३,४५६ इंच आणि २९ तासांवर जातो. अंतर अर्ध्या इंचावर आणले की दोन्ही आकडे दुप्पट होतात. १६ इंचांच्या अभ्र्याला मात्र दोन-सव्वादोन तास पुरतात.

यात तुकडे जोडणे, थर टाचणे आणि काठ लावणे धरलेले नाही. दुपट्यासाठी त्या कामांना आणखी सात-आठ तास ठेवावेत. म्हणजे रोज एक तास देणाऱ्याने दुपटे नवरात्राच्या आधीच सुरू करावे आणि मोठी गोधडी गणपतीच्या दिवसांत हाती घ्यावी. दसऱ्यानंतर आठवण झाली असेल तर अभ्रे शिवावेत.

आता नमुना

नवशिक्यासाठी सर्वांत सोपा आणि माझ्या दृष्टीने सर्वांत देखणा प्रकार अखंड कापडाच्या गोधडीचा आहे. वर एकच सुती साडी किंवा साधे कापड, तिचे काठ चौकटीसारखे कडेला, आणि आत चौकटीत चौकट अशा धावदोऱ्याच्या ओळी. महाराष्ट्रात घरोघरी शिवलेल्या गोधड्या आणि वाकळांत हीच चाल दिसते: कडेपासून सुरुवात करून, प्रत्येक फेरीला एक-दीड बोट आत सरकत मध्यापर्यंत जायचे. यात एकही तुकडा जोडावा लागत नाही, त्यामुळे सगळे लक्ष टाक्याकडे राहते. दोऱ्याचा रंग कापडाहून किंचित उठून दिसणारा निवडला तर ओळी दिसतात, आणि कापडाच्याच रंगाचा निवडला तर हाताच्या चुका लपतात. पहिल्या गोधडीसाठी मी दुसरा पर्याय सुचवते.

घरात लहान-मोठे, वेडेवाकडे तुकडे भरपूर असतील तर कर्नाटकातल्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील सिद्दी स्त्रियांच्या कवंदीकडे, म्हणजे त्यांच्या गोधडीकडे, पाहावे. हल्याळ, यल्लापूर, मुंडगोड या तालुक्यांत राहणाऱ्या आणि घरात कोंकणीही बोलणाऱ्या या समाजातल्या बायका तुकडे आधी जोडून घेत नाहीत. अस्तर पसरायचे, एका कोपऱ्यापासून तुकडा ठेवायचा, त्याच्या कडा आत दुमडायच्या आणि धावदोऱ्याने सगळ्या थरांतून एकदमच शिवत पुढे जायचे, मग शेजारी दुसरा तुकडा. काम कडेने गोल फिरत मध्याकडे येते. शेवटी चारही कोपऱ्यांत घडी घातलेल्या त्रिकोणी कापडांची छोटी ‘फुले’ लावतात, आणि ती लागल्याशिवाय कवंदी पूर्ण झाली असे त्या मानत नाहीत. मोजमाप जवळजवळ नसल्याने ही पद्धत नवख्या हाताला फार मोकळीक देते. मात्र ही पद्धत आपण वापरली तर भेट देताना ती कोणाची आहे हे सांगावे.

नीटनेटके, भौमितिक काम हवे असेल तर नऊ घरांचा चौकोन घ्यावा. पॅचवर्क शिकवणाऱ्या वर्गांत याला ‘नाइन पॅच’ म्हणतात. साडेचार इंचांचे नऊ चौकोन, पाच गडद आणि चार फिकट, तीन-तीनच्या ओळींत जोडायचे. शिवणीत प्रत्येक बाजूला पाव इंच माया गेली की प्रत्येक घर चार इंचांचे उरते आणि पूर्ण चौकोन १२ इंचांचा होतो. अशा पाच चौकोनांमध्ये साध्या कापडाचे चार सलग चौकोन एकाआड एक ठेवले तर तीन गुणिले तीन अशी रचना होऊन ३६ इंचांचे दुपटे तयार होते. हे सलग चौकोन कापताना साडेबारा इंचांचे कापावेत. सगळी नऊही स्थाने घरांच्या चौकोनांनी भरली तर ८१ तुकडे कापावे लागतात, तर या रचनेत असे छोटे तुकडे फक्त ४५, आणि सलग जागेवर धावदोरा खुलून दिसतो. ४४ इंच पन्ह्याचे गडद कापड ४० सेंटिमीटर, फिकट ४० सेंटिमीटर आणि सलग चौकोनांसाठी ७० सेंटिमीटर एवढे पुरते.

यात खरी परीक्षा पाव इंचाची आहे. शिवण अर्धे सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) जास्त आत गेली तर दोन्ही तुकड्यांतून मिळून एक सूत कापड कमी होते. चौकोनात अशा दोन शिवणी आल्या की तो पाव इंचाने आखूड पडतो आणि शेजारच्या सलग चौकोनाशी जुळत नाही. मग ओढून-ताणून शिवावे लागते आणि दुपटे फुगते. म्हणून मशिनच्या सुईपासून पाव इंचावर पट्टी चिकटवून खूण करावी आणि आधी दोन रद्दी तुकडे जोडून मोजून पाहावे. तुकडे मशिनवर जोडण्यात काहीही कमीपणा नाही. दोरे हाताने घालावेत, कारण साध्या मशिनवर अनेक थर शिवताना वरचा थर पुढे ढकलला जातो आणि चुण्या येतात.

त्रिकोण आणि षटकोनांचे नमुने पहिल्या वर्षी टाळावेत. त्रिकोणाची एक कड उरेब, म्हणजे धाग्यांना तिरपी, येते आणि उरेब कापड हातात घेताक्षणी ताणले जाते. चौकोनाच्या सगळ्या कडा उभ्या-आडव्या धाग्यावर असल्याने तो आकार धरून राहतो. सणाची खूण म्हणून पणती, कमळ किंवा बाळाची पावले असा एखादा आकार वरून लावायला हरकत नाही, पण एकच, आणि तोही मध्यभागी. कडा पाव इंच आत दुमडून, त्याच रंगाच्या दोऱ्याने बारीक हेमचे टाके घालावेत.

रंग निवडताना कोणता रंग घेतला यापेक्षा गडद आणि फिकट यांतला फरक महत्त्वाचा असतो. तुकडे जमिनीवर मांडून मोबाइलवर त्यांचे कृष्णधवल छायाचित्र घ्यावे. त्यात सगळे सारखेच करडे दिसले तर घरांचा नमुना लांबून दिसणारच नाही, मग लाल आणि हिरवा शेजारी कितीही वेगळे वाटोत.

थर टाचणे

या कामात घाई करणाऱ्याला पुढे रोज त्रास होतो. अस्तर वरच्या कापडापेक्षा चारही बाजूंनी दोन इंच मोठे कापावे, इस्त्री करून उलटी बाजू वर येईल असे फरशीवर पसरावे आणि कडा चिकटपट्टीने ताणून बसवाव्यात. त्यावर गाभ्याचे थर एकेक करून हाताने सपाट करत ठेवावेत आणि शेवटी वरचे कापड. मग लांब सुईने, टाकाऊ दोऱ्याने मोठे कच्चे टाके घालावेत: आधी मध्यातून उभी आणि आडवी ओळ, नंतर दोन्ही दिशांना दर चार बोटांवर. कडेपासून आत शिवत जाणाऱ्या आपल्या पद्धतीत सैल कापड मध्याकडे सरकते, आणि कच्चे टाके विरळ असतील तर शेवटी मधोमध एक फुगा उरतो. तो नंतर काढता येत नाही, सगळे उसवावे लागते. कापसाची किंवा फायबरची शीट वापरली असेल तर मात्र मध्यापासून कडेकडे शिवावे.

धावदोरा

एका इंचात वरून दिसणारे तीन ते चार टाके असावेत. ते लहान असण्यापेक्षा सारखे असणे महत्त्वाचे आहे, आणि टाक्याइतकीच मधली मोकळी जागाही सारखी असावी. दोरा कोपरापासून बोटांच्या टोकापर्यंत, म्हणजे सुमारे ४५ सेंटिमीटर घ्यावा. लांब घेतला तर गुंततो आणि थरांतून पुन्हा पुन्हा जाऊन झिजतो. भरतकामाच्या सहा पदरी दोऱ्याचे दोन-दोन पदर सुटे करावेत. आठ मीटरच्या एका लडीतून असा २४ मीटर दोरा मिळतो, आणि थरांची जाडी धरून दुपट्याला सुमारे ४० मीटर लागत असल्याने तीन लडी निर्धास्तपणे पुरतात. एकाच रंगाच्या लडी एकदमच आणाव्यात, कारण पुढच्या वेळी तोच रंग किंचित वेगळा निघतो.

गाठ वर दिसू देऊ नये. सुई ओळीच्या सुरुवातीपासून बोटभर अंतरावर वरच्या थरात घालून सुरुवातीच्या जागी काढावी आणि दोरा हलका झटका देऊन ओढावा, म्हणजे गाठ थरांच्या आत जाते. सुईवर तीन-चार टाके एकदम भरून मग ती ओढावी, आणि प्रत्येक वेळी खालच्या हाताचे बोट सुईच्या टोकाला लागते आहे याची खात्री करावी, नाहीतर अस्तर सुटून राहते. सुई ढकलणाऱ्या बोटात अंगुस्तान घालावे. पहिले दोन दिवस ते अडचणीचे वाटते, तरी काढू नये. ओळी सरळ राहण्यासाठी शिंप्याच्या खडूने फक्त पुढच्या दोन-तीन ओळी आखाव्यात, सगळी गोधडी आखली तर खडू हाताखाली पुसला जातो.

काठ आणि शेवटचे धुणे

कडेचे जास्तीचे गाभ्याचे कापड समान कापून, अस्तर दोन इंचांवर ठेवावे. त्याची एक इंचाची घडी घालून पुन्हा दुमडून पुढे आणावे आणि हेम करावे. वेगळी पट्टी लावायची असेल तर सरळ कडांना सरळ धाग्यावरची पट्टी पुरते. उरेब पट्टी फक्त गोल कोपऱ्यांनाच लागते. मागच्या एका कोपऱ्यात सालाचा आकडा आणि शिवणाऱ्याचे नाव धावदोऱ्याने घालावे.

सगळे कच्चे टाके काढून गोधडी एकदा गार पाण्यात, सौम्य साबणाने धुवावी. खडूच्या रेघा जातात, कापड किंचित आटून ओळींमध्ये गोधडीला तिचा उंचसखलपणा येतो आणि ती मऊ पडते. परतीच्या पावसाचा अंदाज घेऊन त्यासाठी दोन कोरडे दिवस राखून ठेवावेत, कारण अनेक थरांचे कापड वरून वाळले तरी आत दमट राहते आणि तसेच घडी केले तर त्याला कुबट वास धरतो. वाळली की सुती पिशवीत ठेवावी. बरोबर एका कागदावर लिहून द्यावे: वेगळी धुवावी, पिळू नये, सावलीत आडवी वाळवावी, आणि एखादा टाका सुटला तर दोरा कापून न टाकता आत ओढून शिवून घ्यावा.